आयनरची भिंत फुगली

आयनर लुंडग्रेनला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे, त्याच्या घरात बाहेरून काही म्हणजे काही येत नव्हतं! विजेची तार नाही, पाण्याचा नळ नाही, फोनची घंटा नाही. आणि दुसरी म्हणजे, आपल्याला येत नाही असं एकही काम कॅनडाच्या उत्तरेकडच्या या युकॉनच्या मुलखात नाही, अशी त्याची खात्री होती.

पहिली गोष्ट जवळजवळ खरी होती. जवळजवळ म्हणायचं कारण वारा. तो मात्र बाहेरून येई, आणि हक्काच्या पाहुण्यासारखा थेट आतल्या खोलीपर्यंत येई. घर होतं ओढ्याकाठच्या जुन्या खाणपट्ट्यावर, अकरा नंबरच्या. इथलं सोनं शंभर वर्षांपूर्वीच उपसून संपलं. मागे उरले ते गोट्यांचे ढीग आणि ओंडक्यांचं हे घर. ओंडके सुकून आकसले होते. त्यांच्यामधल्या भेगांतून बाहेरचं हवामान घरबसल्या कळे.

आणि नेमक्या उत्तरेच्या भिंतीशी डेल्फीनचा प्रार्थनेचा कोपरा होता.

डेल्फीन म्हणजे आयनरची बायको. बोलणं हळू, पण बोलली की ते बदलत नसे. रोज सकाळी मरियामातेपुढे मेणबत्ती लावायची, जपमाळ पूर्ण होईपर्यंत ती विझू द्यायची नाही, हा तिचा तीस वर्षांचा नेम.

"मागच्या हिवाळ्यात मेणबत्ती एक्केचाळीस वेळा विझली, आयनर," निघण्याच्या दिवशी ती म्हणाली. चर्चमधल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी ती गावात बहिणीकडे, ओडीलकडे, चालली होती. "मी परत आले की मेणबत्ती लावीन. ज्योत सरळ राहिली तर हिवाळा इथे. हलली तर ओडीलकडे. तिच्याकडे उबेची खोली आहे, बटण दाबलं की झालं."

"बटण!" आयनर असा किंचाळला जणू तिनं परपुरुषाचं नाव घेतलं. "अगं, नऊ दिवसांत भिंत अशी लिंपतो की वारा दार वाजवून परवानगी मागेल!"

"बरं. आणि आजीचं खमीर सांभाळ."

आता हे खमीर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं पीठ, साधंसुधं नव्हे. डेल्फीनच्या आजीनं ते गोठू नये म्हणून झग्याच्या आत पोटाशी बांधून बर्फाळ खिंड ओलांडून आणलं होतं. तेव्हापासून रोज खाऊपिऊ घालून जिवंत ठेवलेलं. सुगीनंतरच्या आभाराच्या सणाला ओढ्यावरच्या सगळ्यांसाठी पाव करायचे म्हणून या वेळी तिनं ते वाढवून, घट्ट करून बादलीभर ठेवलं होतं.

"शेगडीच्या डावीकडची बादली खमिराची. उजवीकडे तुझी चुना-माती. खमिराला रोज सकाळी मूठभर पीठ, पेलाभर पाणी. आणि ढवळताना तीनदा 'नमो मरिये' म्हणायचं."

"ते कशाला? पिठाला काय कळतंय?"

"तेवढा वेळ ढवळावं लागतं. घड्याळ कोण बघणार?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आयनरनं कधी प्रार्थनेचा एक शब्द उच्चारला नव्हता. तरी त्यानं मान डोलावली. भाकरीसाठी माणूस काय काय करतो!

डेल्फीन गेली. आयनरनं मोठ्या उत्साहानं शेगडीखालची राख काढली. त्यासाठी दोन्ही बादल्या उचलल्या, आणि काम झाल्यावर परत ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही झाकणाच्या. चष्म्यावर तो आदल्या दिवशीच बसला होता. कुठली कुठं ठेवली, हे त्या मरियामातेनं तेवढं पाहिलं. पण ती कोणाची चुगली करत नाही.

उजवीकडची बादली घेऊन तो भिंतीला भिडला. मिश्रण करडं, चिकट, आंबूस वासाचं. आयनरला जराही शंका आली नाही! जुने खाणवाले लिंपणात पीठ घालत, म्हणून त्यानंही चुन्यात पसाभर राय नावाच्या धान्याचं पीठ घातलंच होतं. थापीनं त्यानं एकेक भेग दाबून भरली.

"काय लागतंय! लोण्यासारखं!" तो भिंतीला म्हणाला.

मग डावीकडच्या बादलीला त्यानं मूठभर पीठ घातलं, पेलाभर पाणी घातलं, आणि इकडे तिकडे बघून, घरात दुसरं कोणी नसताना, हळूच पुटपुटला, "नमो मरिये..."

तिसऱ्या दिवशी बादली ढवळेना. चौथ्या दिवशी तिच्यात लाकडी पळी उभी राहिली. पाचव्या दिवशी पळी मोडली! आजीनं खिंड ओलांडून आणलेलं खमीर, आणि आयनरनं पाच दिवसांत मारलं! त्यानं पीठ दुप्पट केलं. प्रार्थना तिप्पट केली. आता तो गुडघे टेकून, बादलीला मिठी मारून, मोठ्यानं म्हणू लागला.

असाच तो बसलेला असताना विल्फ टॅकबेरी दार ढकलून आत आला. विल्फ ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारा ऐंशीचा म्हातारा. या भागात दाराला कुलूप नसतं आणि विल्फला लाज.

"बायको घराबाहेर काय गेली, बादलीवर जीव जडला होय रे?"

"विल्फ, खमीर मेलंय!"

विल्फनं बादलीवर काठी आपटली. ठण्ण! "मेलंय कसलं? पुरून वर दगडसुद्धा बसवलाय." मग तो थांबला. नाक वर केलं. "पाव कुठं भाजतोयस?"

"कुठंच नाही."

"अरे, वास येतोय!"

वासामागून दोघं भिंतीपर्यंत पोचले. आयनरचं पाच दिवस तिकडे लक्षच नव्हतं. प्रत्येक दोन ओंडक्यांच्या मधून लिंपण बाहेर आलं होतं. गोलगरगरीत, मऊ, बाळसं धरलेलं! शेगडीच्या धुराड्याजवळ तर ते छान तांबूस झालं होतं.

"चुना फुगतो कधीकधी," आयनर म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

विल्फनं धुराड्याजवळचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय तुझ्या भिंतीत."

आता आयनरच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे भिंतीत आजीचं खमीर! आणि पाच दिवस त्यानं ज्याच्यापुढे प्रार्थना केली तो चुना!

"सगळं खरवडून काढ," विल्फ म्हणाला.

"आणि भेगांत काय भरू? चुन्याचा तर धोंडा झालाय! ज्योत हलली तर डेल्फीन गेली!"

विल्फनं आगकाडी ओढून भिंतीपुढे धरली. ज्योत सरळ, पहारेकऱ्यासारखी ताठ! "भल्या माणसा, अशी भिंत साऱ्या ओढ्यावर नाही. गप्प राहा. फक्त खमिरापुरतं चमचाभर ओलं काढून घे."

पण बाकी सगळं वाळून कडक झालं होतं. ओलं उरलं होतं एकाच जागी, सगळ्यात थंड कोपऱ्यात, थेट मरियामातेच्या मागे. आयनरनं हात जोडले, "फक्त एक चमचा हं," असं मूर्तीला सांगितलं आणि काढला. पुरेना म्हणून आणखी एक काढला. मग एक डाव!

रविवारी डेल्फीन आली. सोबत ओडील, गाडीत रिकाम्या पेट्या घेऊन.

"चल, लाव मेणबत्ती," ओडील हातमोजेसुद्धा न काढता म्हणाली. "उजेड आहे तोवर सामान भरू."

डेल्फीननं मेणबत्ती लावली. चौघं श्वास रोखून उभे. (विल्फ कसा आला विचारू नका, त्याला बोलवावं लागत नाही.) ज्योत सरळ. जराही लवली नाही! ओडीलचं तोंड उतरलं. आयनरची छाती खमिरासारखी फुगू लागली.

"टक."

"काय वाजलं?" डेल्फीननं विचारलं.

"लाकूड तडकतंय," आयनर म्हणाला.

"टक, टक, टक."

आणि मरियामातेच्या खांद्यामागून भिंतीतून एक चोच आत आली! मग एक काळाभोर डोळा. ज्या राखी पक्ष्याला इथं सगळे छावणीचोर म्हणतात, तोच! त्यानं चौघांकडे नीट बघितलं, भिंतीचा एक घास घेतला आणि निघून गेला. त्या भोकातून वारा आला, दार न वाजवता. मेणबत्ती विझली.

"पेट्या आणते," ओडील म्हणाली.

आयनरनं टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. बादल्या, चष्मा, थापी, डाव, सगळं. डेल्फीन ऐकत होती. मग तिनं भोकात बोट घातलं, थोडं ओलं पीठ काढलं, हुंगलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "डावभर काढलंस ते कुठाय?"

आयनरनं फडताळातून वाडगा आणला. वर बुडबुडे आले होते. डेल्फीननं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि पदर नसला तरी पदर तोंडाशी धरावा तशी हसायला लागली. हसता हसता खालीच बसली.

"डेल्फीन! येतेयस ना?" ओडील दारातून ओरडली.

"कशी येऊ गं? आजी सगळी या भिंतीत आहे. भिंत मावेल का तुझ्या गाडीत?"

ओडील रिकाम्या पेट्या घेऊन परत गेली. वाटेत खायला विल्फनं तिला धुराड्याजवळचा भिंतीचा तुकडा बांधून दिला. भोकात आयनरचा लोकरी मोजा बसवला, आणि त्या हिवाळ्यात मेणबत्ती एकदाही विझली नाही. सणाचे पाव वाडग्यातल्या खमिराचे झाले. खाताना कुणाच्या दाताखाली वाळू आली, पण कोणी विचारलं नाही.

राहिला तो चुन्याचा धोंडा. तो पायरी म्हणून दाराशी ठेवलाय. एकदा त्यावर बसून आयनर खिन्नपणे म्हणाला, "पाच दिवस प्रार्थना केली गं मी, गुडघेसुद्धा टेकले. चुन्यापुढे!"

"ठाऊक आहे," डेल्फीन जपमाळ गुंडाळत म्हणाली. "मी गावात नऊ दिवस तेवढंच तर मागत होते. तुझ्या तोंडून एकदा तरी प्रार्थना यावी." तिनं माळ खिशात टाकली. "पण कशापुढे, ते सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."