साहेबांचं पाणी आणि आमचे मासे

साहेब यायच्या आधी बरणीतलं पाणी बदलायचं, एवढाच काय तो निर्णय मी घेतला. (तो चुकेल असं वाटलं नाही. मला तसं सहसा वाटत नाही.)

जव्हारच्या आमच्या घरात खिडकीशी काचेची मोठी बरणी आहे. तिच्यात दाभोशाच्या नदीतली वाळू, पाण्यातली झाडं आणि नाशिकहून आणलेले तांदळाच्या दाण्याएवढे मासे. ऑफिसात मी या माशांचं इतकं कौतुक केलं, की शेवटी साहेबच म्हणाले, "हेमंतराव, रविवारी बघायला येतो. आवडले तर माझ्या केबिनमध्येही अशीच बरणी तुम्ही लावून द्यायची."

रविवारी बादलीत माझ्या बायकोने, जयवंतीने, कपडे भिजवलेले. मग मी मासे तांब्यात काढले.

"अहो, तांब्यात नको. कुणीतरी पिईल," बायको म्हणाली.

"कोण पिणार? मी आहे ना!"

बरणी धुऊन मी झाडं पुन्हा रोवली, पाणी भरलं, आणि साहेब दारात! जयवंती दूध आणायला धावली. माझ्या सासूबाई, गौराबाई, नुकत्याच खोडाळ्याहून जीपने आलेल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. पाहुणा दिसताच त्यांनी त्याच तांब्यातून पेला भरला आणि साहेबांच्या हातात दिला.

पेला ओठाला लागणार, तोच मी झडप घालून हिसकावला.

"काय झालं?"

"काही नाही साहेब!"

"पाण्यात काही आहे का?"

"छे! एकदम स्वच्छ पाणी!"

"मग द्या की."

"मलाच जरा तहान लागली होती," असं म्हणत मी एका दमात पेला रिकामा केला. घशातून काहीतरी वळवळत खाली गेलं. (कसं लागलं ते विचारू नका.)

साहेब बरणीवर वाकले. "मासे कुठायत?"

"फार बारीक असतात साहेब. नजर बसावी लागते."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ निरखून म्हणाले, "हां! तो बघा, त्या पानामागे!"

"वा साहेब! पहिल्याच खेपेला! भल्याभल्यांना दिसत नाही."

साहेब खूश. केबिनमध्ये बरणी कुठे ठेवायची तेही ठरलं. तेवढ्यात सासूबाई तांब्यात डोकावत बाहेर आल्या.

"जावई, तुम्ही मघाशी पिलात ना, तसले यात अजून हायेत," त्या म्हणाल्या. "आता पिता, का जेवल्यावर?"