निळ्या फाटकामागचं रान

शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसाला रान शोधायला गाडी लागत नाही, रजा लागत नाही, फक्त डोळे लागतात! हे वाक्य माझं आहे आणि ते छापूनही आलं आहे. त्यानंतर आमच्या घरी जे झालं ते मात्र कुठेही छापून आलेलं नाही, म्हणून सांगतो.

मी वर्तमानपत्रात काम करतो. रविवारच्या पुरवणीत माझं ‘घरापासून पायी’ नावाचं सदर असतं. वसाहतींच्या आजूबाजूला उरलेल्या रानवट जागा मी हुडकतो आणि वाचकांना तिथे जायचा रस्ता सांगतो. रस्ता सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. ‘थोडं पुढे’, ‘जवळच कुठेतरी’ असले गुळमुळीत शब्द मी वापरतच नाही!

बायकोला या सदराचं कौतुक नव्हतं. तिला घरात पाळणाघर काढायचं होतं. त्यासाठी तिने चांगली चालू नोकरी सोडली होती. खोल्या रंगवून झाल्या, लहान खुर्च्या आल्या, आता रविवारी सकाळी पालिकेच्या तपासणी अधिकारी बाई येऊन परवानगी द्यायची की नाही ते ठरवणार होत्या. अडचण एकच होती, आमचं परस.

“अहो, मागे गवत कमरेएवढं झालंय!” बायको म्हणाली. “मुलं आत गेली तर सापडायची नाहीत!”

“रविवारी उठलो की तासाभरात सपाट करतो.”

“गेल्या रविवारीही हेच म्हणाला होतात. आणि गेलात कुठे, तर ओढ्यापलीकडे रान बघायला!”

“ते काम होतं. या वेळी शब्द देतो. डेडलाइन चुकवणारा माणूस मी नव्हे!”

रविवारी उठलो, विळा घेतला, मागचं दार उघडलं. गवतात एक टोपी पडलेली दिसली. वाऱ्याने आली असेल म्हणून उचलायला गेलो, तर टोपी पुढे सरकली!

“हुश्श!” टोपी म्हणाली. “खाली बसा! पक्षी उडेल!”

टोपीखाली एक काका होते आणि काकांच्या डोळ्यांना दुर्बीण होती.

“अहो, हे माझं परस आहे!”

“असं म्हणणारे फार भेटतात. रान कोणाच्या बापाचं नसतं!”

मी तोंड उघडणार एवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून एक सबंध कुटुंब आलं. त्यामागे एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई आणि त्यांच्या मागे मेंढरांच्या कळपासारख्या त्यांच्या विद्यार्थिनी. प्रत्येकीच्या हातात आमची पुरवणी!

मी एकीच्या हातातली हिसकावून घेतली. लेख माझाच होता. ‘निळ्या फाटकाच्या घराशी या. संकोच न करता आत शिरा आणि घराला वळसा घालून मागे जा.’ पुढे पूर्णविराम. त्याखाली गाद्यांची जाहिरात!

निळं फाटक आमचंच. परक्याच्या आवारातून रस्ता काढायचा तर परवानगी मागा, मिनतवाऱ्या करा. त्यापेक्षा तो आपल्या दारावरून काढलेला बरा, असा मी सुज्ञ विचार केला होता. पण आमच्या मागून निघणारी पायवाट ओढ्याकडे जाते आणि खरं रान तिथे आहे, हे कुठे गेलं?

पानं लावणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. ऑफिसात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणतात.

“जाहिरात उशिरा आली, साहेब. खालच्या चार ओळी उडवल्या.”

“खालच्याच का?”

“मजकूर खालून कापायचा, तुम्हीच शिकवलंत! महत्त्वाचं वर, खाली काही नसतं!”

“अरे, त्या चार ओळींत रान होतं!”

तेवढ्यात बायको बाहेर आली. “कोण ही माणसं?”

“वाचक.”

“तुमचे? एवढे?” लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात माझ्याबद्दल आश्चर्य होतं. पुढच्या क्षणी ते विरलं. “काखेत कळसा नि गावाला वळसा! जगाला रान दाखवत हिंडलात आणि ते निघालं आमच्या मोरीमागे! हाकला त्यांना! बाई येतील आता!”

“मंडळी, रान पुढे आहे! ओढ्यापाशी!” मी ओरडलो.

“आम्हाला हेच आवडलं!” कुटुंबप्रमुखाने सतरंजी पसरली.

मी चिडून विळा चालवायला वाकलो, तर वनस्पतिशास्त्राच्या बाई आडव्या आल्या. “खबरदार! इतकी नैसर्गिक अवस्था मी कित्येक वर्षांत पाहिली नाही!” आणि विद्यार्थिनींकडून त्यांनी, मला बाहेर न काढताच, सगळ्या परसाभोवती दोरी बांधून घेतली. म्हणजे मी दोरीच्या आत राहिलो!

आणि नेमक्या त्याच घडीला तपासणी अधिकारी बाई कोपऱ्यावरून आल्या. काटेरी, रंगीत फुलांच्या झुडपाला त्यांचा पदर अडकला. वनस्पतिशास्त्राच्या बाई बोट रोखून आनंदाने किंचाळल्या, “घाणेरी! मुलींनो, बघा, घाणेरी!”

“कोणाला म्हणता?” अधिकारी बाई कडाडल्या.

“झाडाचं नाव आहे हो ते!” मी दोरीआडून ओरडलो.

“तुम्ही कोण? आणि कोयता कशाला हातात?”

“विळा आहे तो! मी या घराचा...”

“गप्प बसा!” दुर्बीणवाले काका ओरडले. ते एव्हाना झाडावर होते. “पक्षी उडाला ना!”

सतरंजीवरची मुलं रडू लागली. दोन विद्यार्थिनी एका फुलावरून भांडू लागल्या. बायकोचं पाळणाघर उघडण्याआधीच बुडालेलं मला दिसलं.

मग बायको पायरीवर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“काका, खाली या. पाय हळू. शाब्बास! मुलींनो, फूल मला द्या, दोघींनाही नाही. सतरंजीवाले, घडी करा. बाई, दोरी सोडा. ज्यांना बाथरूमला जायचंय त्यांनी उजवीकडे रांग. बाकीचे एकमेकांचा हात धरून पायवाटेने ओढ्याकडे. ढकलाढकली नाही!”

आणि सगळे निघाले! हात धरून! काका सर्वांत पुढे!

अधिकारी बाईंनी पदर सोडवला आणि फाइल उघडली. “गवत आधी काढून घ्या. ते माणूस लावून काढता येतं. हे तुम्ही आत्ता केलंत ते माणूस लावून होत नाही. मुलं किती मागितलीत?”

“वीस.”

“एकोणीस देते.”

बायकोचा चेहरा उतरला. “खोली लहान पडते का हो?”

“नाही,” त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. दोरी सुटली होती, पण तिचं टोक माझ्या पायात गुंतलं होतं आणि मी एका पायावर उभा होतो. “एक तुमच्याकडे आधीच आहे.”

अधिकारी बाईंनी परवानगीचा फॉर्म पुढे केला. बायको माझी बाजू घेईल म्हणून मी थांबलो. औषधाच्या बाटलीवरचा कागदही दोनदा वाचणारी ही बाई! तिने न वाचता सही केली.