विषयवार पाकिटं

"वहिनी, एकच प्रश्न!" असं म्हणत खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दारात उभे राहिले, तेव्हा वहिनींच्या तोंडात टूथब्रश होता. काकांना त्याचं काही नव्हतं. टॅक्सचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली होती, आणि त्या आठ दिवसांत वहिनींना दात, झोप, नोकरी, संसार यातलं काही असू शकतं हे सगळी इमारत विसरून जायची.

"जुनं मशीन विकलं, नवं घेतलं. ते टॅक्समध्ये कुठं दाखवायचं?"

वहिनींनी बोटानं 'थांबा' अशी खूण केली, आत जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बारा वर्षं सांगत आल्या होत्या तेच पुन्हा सांगितलं. "काका, मी बिस्किटाच्या कारखान्यात कॉस्टिंग बघते. एक बिस्किट आम्हाला कितीला पडतं ते काढते. टॅक्सचं मला नका विचारू."

"पण तुम्ही अकाउंटंट ना?"

"हो, पण बिस्किटांची."

"मग आमचं तर सोपंच आहे की," काका म्हणाले. "बिस्किटं हजारो असतील. मशीन एकच आहे."

पीठ किती लागतं, भट्टी किती गॅस खाते, शंभरातली किती बिस्किटं तुटतात, वेष्टनाचा कागद किती जाड असला म्हणजे परवडतं, हे वहिनींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. टॅक्सच्या फॉर्ममधलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यांचा स्वतःचा फॉर्म कारखान्याच्या फाटकासमोर बसणारा एक सल्लागार भरायचा आणि त्या डोळे मिटून सही करायच्या. हेही त्यांनी लोकांना सांगून पाहिलं होतं. लोक हसले आणि म्हणाले, वहिनींना मोठेपणा म्हणून नाही हो! डोळ्यांचा डॉक्टर दात काढत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. अकाउंटंटपाशी आलं की मात्र भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं.

"काका," वहिनी शेवटी म्हणाल्या, "आधी सगळे कागद एका पाकिटात घाला."

या सल्ल्यात कोणाचं वाईट होण्यासारखं काही नव्हतं, आणि काका जातील एवढाच त्यांचा हेतू होता. काका गेले. दहा मिनिटांत फुगलेलं पाकीट घेऊन परत आले.

"घातले," असं म्हणून त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि निघूनही गेले.

वहिनी यंदा पाकिटं घेताहेत, ही बातमी जिन्यानं वर चढली. मंगळवारी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांचं पाकीट आलं, बुधवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. गुरुवारी वहिनी कामावर असताना चार आली, त्यातलं एक कोणाचं हे घरात कोणालाच सांगता येईना. शुक्रवारी वहिनींनी दारावर चिठ्ठी लावली, 'पाकिटे स्वीकारली जाणार नाहीत.' ती वाचून दोघांनी आपले कागद पिशवीत घालून आणले.

आणि शनिवारी संध्याकाळी खुद्द नवऱ्यानं दहावं पाकीट आणलं.

"साहेबांचं आहे," तो दारातूनच म्हणाला.

"तुमच्या?"

"त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस काय करतात? मी म्हटलं, अकाउंटंट आहे. पुढचं बिस्किटांचं सांगणारच होतो, तोवर त्यांनी ड्रॉवर उघडलासुद्धा."

"द्या परत नेऊन."

नवरा खुर्चीत बसला. "बदल्यांची यादी सोमवारी जायची आहे. माझं नाव आहे तिच्यात. दहा तासांवरची शाखा. ठेवायचं की काढायचं ते साहेबांच्या हातात. उद्या पाच वाजता येऊन पाकीट नेतो म्हणालेत. तू नुसती नजर टाक गं."

वहिनींनी पाकीट टेबलावर ठेवलं. बदली म्हणजे कारखाना सुटणार. भाजलेल्या बिस्किटांच्या वासात, काचेच्या छोट्या खोलीत बसून तुटलेल्या बिस्किटांचा हिशेब काढायला त्यांना जिवापाड आवडायचं. असली आवड कोणाला सांगितली तर लोक वेड्यात काढतील, म्हणून त्या बोलत नसत एवढंच. त्यांनी सल्लागाराला फोन लावला. रविवारी सकाळी अकरापर्यंत आणलंत तर बघून देतो, असं तो उपकार केल्यासारखं म्हणाला. वहिनींना रात्री त्यातल्या त्यात बरी झोप लागली.

रविवारी सकाळी दहा वाजता त्या साहेबांचं पाकीट घ्यायला टेबलापाशी गेल्या. टेबलावर चारच पाकिटं होती. नीट एका रांगेत, वळणदार अक्षरांत नावं घातलेली. 'बँक', 'विमा', 'औषधोपचार' आणि 'पावत्या (संकीर्ण)'.

शेजारी सासरे उभे होते. पहाटेपासून झटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बाबा, इथली पाकिटं कुठं गेली?"

"गेली कुठं? लावली," सासरे म्हणाले. त्यांनी चौतीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केली होती. "काय तो पसारा, सूनबाई! विम्याच्या कागदाशेजारी चष्म्याचं बिल, त्याच्यावर बँकेचा कागद. माझ्याच्यानं बघवेना. म्हटलं, तुला तेवढीच मदत. सगळं विषयवार लावलंय आणि विषयात तारखेप्रमाणं. आता कोणताही कागद माग, अर्ध्या मिनिटात काढून देतो."

"बाबा, ती दहा जणांची पाकिटं होती! दहा वेगवेगळ्या माणसांची!"

"असतील," सासरे शांतपणे म्हणाले. "आपण पुस्तक लावताना विषय पाहतो, वाचक नाही पाहत."

"अहो, इकडे या!" वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की नवरा तोंडाला साबण तसाच घेऊन आला. त्यानं चारही पाकिटं एकेक करून उलटून पाहिली.

"साहेबांचं कुठलं?" त्यानं विचारलं.

"चारही," वहिनी म्हणाल्या.

रडायला वेळ नव्हता. वहिनींनी पदर खोचला आणि चारही पाकिटं टेबलावर ओतली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. बँकेचे आणि विम्याचे कागद तासाभरात सुटे झाले, कारण त्यांच्यावर नावं होती. खरा घोळ पावत्यांचा होता. पावतीवर दुकानदार स्वतःचं नाव ठसठशीत छापतो, घेणाऱ्याचं नाव कशाला लिहील? अशा नाव नसलेल्या दोनशेच्या वर पावत्या टेबलावर पडल्या होत्या आणि साडेअकरा वाजले होते. सल्लागाराचा फोन दोनदा वाजून बंद पडला.

पण इथून पुढचं काम वहिनींचं होतं. कोणत्या कामाला काय लागतं आणि किती लागतं, हेच तर त्या जन्मभर बघत आल्या होत्या. बटणं, दोरे, मशीनचं तेल, काकांकडे. ब्रेकची दुरुस्ती आणि महिन्याला दोन टायर, मास्तरांकडे. रबरी हातमोजे डॉक्टरीणबाईंचे. केसांच्या कलपाच्या सहा बाटल्यांची पावती त्यांनी थोडा विचार करून मास्तरांच्याच ढिगात टाकली. "कोणाला बोलू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

साडेतीनला नऊ ढीग तयार झाले आणि चौदा पावत्या उरल्या.

"गुडघ्याचा पट्टा," वहिनी वाचू लागल्या.

"साहेबांचा!" नवरा उठून उभा राहिला. "मीटिंगमधून उठताना टेबलाला धरतात ते."

"पोपटाचं खाणं."

"असेल. कोणीतरी त्यांचं तेच तेच ऐकत असणारच घरी."

"गाणं शिकण्याची फी. तीन महिन्यांची."

"गाणं?" नवरा जरा थबकला. "म्हणजे ऑफिसात सकाळी ते आमच्यावर ओरडतात, तो रियाज असतो का?"

चौदाच्या चौदा साहेबांच्या नावावर गेल्या. सासरे हिरमुसले होते, पण त्यांनी मागून मागून सगळे ढीग स्वतःकडे घेतले, प्रत्येक ढीग तारखेप्रमाणं लावला, वर अनुक्रमणिका लिहिली आणि नव्या पाकिटात घातला. पाचला पाच कमी असताना दहावं पाकीट बंद झालं. मात्र साहेबांच्या कागदांवर जाणत्या माणसाची नजर काही पडली नव्हती. घरात तसा जाणता माणूसच नव्हता.

पाचच्या ठोक्याला साहेब आले. त्यांच्या मागोमाग, वहिनी पाकिटं परत देणार हा वास लागल्यामुळे, शिंपीकाका आणि इतर मंडळी आली आणि टेबलावरची आपापली पाकिटं उचलून जिन्यात उभी राहिली. साहेबांनी पाकीट उघडलं. अनुक्रमणिका पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"हे कोणी केलं?"

"मी," सासरे पुढं होऊन म्हणाले.

"वा! माझ्या ऑफिसात एवढी शिस्त असती तर! आता फक्त एक शंका," असं म्हणत साहेबांनी खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला आणि ते वहिनींकडे वळले. "हा बारावा रकाना. तीन वर्षं मला छळतोय. माझं त्यातलं काही उत्पन्न नाही. मग हा रिकामा सोडायचा की शून्य लिहायचं?"

नवऱ्यानं बायकोचा चेहरा पाहिला. सकाळपासून तिनं पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे सगळं आपण ओढवून आणलं होतं, आणि बारा वर्षांत एकदाही आपण तिची बाजू घेऊन बोललो नाही, हे त्याला त्या क्षणी लागलं. बदली होईल तर होवो, असं ठरवून तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, हिला नका विचारू," तो ठणकावून म्हणाला. "हिला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

वहिनींनी मान डोलवली. अगदी हेच कोणीतरी म्हणावं म्हणून त्या बारा वर्षं तडफडत होत्या.

"असं होय?" साहेब म्हणाले. "मला वाटलं, अकाउंटंट म्हणजे..."

"नाही नाही, बिस्किटं मोजते ती," नवरा उत्साहानं पुढं म्हणाला.

"अरेरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आपण उगीच एवढी वर्षं..." मास्तर पुटपुटले. शिंपीकाकांनी तर वहिनींच्या डोळ्यांदेखत आपल्या पाकिटातले कागद मोजायला घेतले. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका," ते फार मायेनं म्हणाले. "सगळ्यांनाच सगळं जमतं असं थोडंच आहे?"

वहिनींच्या कानांतून वाफा निघाल्या. शिकायला घातलेली वर्षं, सकाळपासून लावलेल्या दोनशे पावत्या, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम चढलं.

"कोणाला कळत नाही?" त्यांनी साहेबांच्या हातातून फॉर्म ओढून घेतला. "बसा तुम्ही!"

साहेब बसले. वहिनींनी बारावा रकाना पाहिला. त्यांना त्यातलं खरोखरच काही कळलं नाही. आता माघार कशी घ्यायची, म्हणून त्यांनी फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना छापल्या होत्या.

"लागू नसलेला रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावे," त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. "शून्य लिहा!"

"इतकं सोपं?" साहेब थक्क झाले. "तीन वर्षं मी चार जणांना विचारलं. एकानंही फॉर्म उलटून पाहिला नाही. याला म्हणतात अनुभव!" ते नवऱ्याकडे वळून गरजले. रियाज चांगलाच झालेला होता. "आणि तुम्ही म्हणता, यांना कळत नाही? घरच्या माणसाची किंमत नसते ती अशी. तुमचं नाव आज घरी गेल्यागेल्या यादीतून काढतो. अशा बाईंना गावाबाहेर जाऊ देणं मला परवडायचं नाही. माझे दोन भाऊ आहेत, मेहुणा आहे, शिवाय हेड ऑफिसचे मोठे साहेब तर फॉर्म बघूनच आजारी पडतात. सगळ्यांना इकडेच पाठवतो. दरवर्षी!"

पाकीट छातीशी धरून साहेब निघाले. जिन्यातली मंडळी त्यांना वाट देऊन पुन्हा आत आली. शिंपीकाकांनी आपलं पाकीट परत टेबलावर ठेवलं, त्यावर मास्तरांनी ठेवलं, आणि सासरे हात धुवून खुर्ची पुढं ओढून बसले.

नवरा आनंदानं वेडा झाला होता. "राहिलो! इथंच राहिलो आपण!"

वहिनींनी त्याला कोपरापाशी धरून स्वयंपाकघरात नेलं.

"अहो, त्या दहा तासांवरच्या गावात मी अकाउंटंट आहे हे कोणाला माहीत आहे?"

"छे! तिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही."

"मग उभे काय राहिलात?" वहिनी म्हणाल्या. "साहेब अजून जिन्यातच असतील, त्यांचा गुडघा दुखतो. पळा!"