कानाने तपासलेली गाडी

"गाडीची अजिबात काळजी करू नकोस. एकेक स्क्रू मी कानाने तपासलाय!" घड्याळकाकांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. उघडण्याआधी घड्याळ कानाला लावायचं, ही त्यांची पद्धत. हाच कान त्यांनी पुढे नळाला लावला, गाडीला लावला, आणि एकदा तर सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यालाही लावला!

आज काकूंची गाडी चालवण्याची परीक्षा होती. तिसरी! काकू परिचारिका होत्या आणि सोमवारपासून घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची नोकरी त्यांना मिळणार होती, पण लायसन्स असेल तरच. या खेपेला नापास म्हणजे नोकरीवर पाणी.

"आणि वकिलाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

वकील म्हणजे त्यांचा पोपट. घड्याळांच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला. घरी एकटा ठेवला की असा कांगावा करायचा की शेजारी धावत यायचे, म्हणून तो गाडीतून सगळीकडे सोबत असायचा.

"त्याला नेऊ या की! तो नसला की तुझेच हात थरथरतात," काका म्हणाले. हे मात्र खरं होतं.

परीक्षक पुढे बसले, मांडीवर पिंजरा घेऊन काका मागे.

"नियमात पोपट बसत नाही," परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

"पोपट नको, असंही कुठे लिहिलंय?"

परीक्षकांनी नियमांचं पुस्तक चाळलं. खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

पहिलं वळण आलं. काकूंनी इंडिकेटरची दांडी हलवली. टिक-टिक-टिक! परीक्षकांनी कागदावर बरोबरची खूण केली. काका मागे खुशीत आले.

दुसऱ्या वळणावर मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. तिसऱ्यावर एक स्कूटरवाली बाई करकचून ब्रेक मारत ओरडली, "वळायचं तर सांगायला काय जातं?"

"केव्हाचे सांगतोय!" काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "इंडिकेटर ऐकू येत नाही का?"

शेवटी काकूंनी गाडी कडेला लावली आणि किल्ली काढली. टिक-टिक-टिक!

"बाई, इंडिकेटर बंद करा."

"साहेब, किल्ली तर माझ्या हातात आहे!"

तिघांनीही काकांच्या मांडीवरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. वकील डोळे मिटून, मान हलवत, अगदी तालात टिकटिक करत होता.

परीक्षक खाली उतरले. काकूंनी पुन्हा गाडी चालू करून दांडी हलवली, पण इंडिकेटर पेटेल तर शपथ! दिव्याच्या आत तर कोळ्याने जाळं विणून संसार थाटला होता.

"अहो, पण परवाच तपासला मी! आवाज कसा खणखणीत होता!" काकांना घाम फुटला.

"आणि दिवा? दिवा बघितलात?" परीक्षकांनी विचारलं.

काकांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. परवाही वकील गाडीतच होता!

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, या वेळी मी काहीसुद्धा चुकले नाही हो."

"नाहीच चुकलात," परीक्षक म्हणाले. "प्रत्येक वळणावर दांडी वेळेवर हलवलीत, ते मी पाहिलंय. तुम्ही पास! नापास झाली ती गाडी. ती दुरुस्त होईपर्यंत वळताना हाताने खूण करायची."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी लांबलचक हॉर्नच वाजवला!

परतताना वकील पट्टा लावून पुढच्या सीटवर. मागे काका. "अहो, उजवीकडे!" म्हटलं की उजव्या खिडकीतून हात बाहेर. "अहो, डावीकडे!" म्हटलं की सीटवरून घसरत डाव्या खिडकीशी. फुटपाथवरची माणसंही हसून हात हलवायला लागली. काका कुठली तरी निवडणूक जिंकलेत, असं त्यांना वाटलं असावं.

दिव्याचे सुटे भाग यायला पंधरा दिवस लागतील, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. त्यामुळे सोमवारी काकू वेळेवर नोकरीवर रुजू झाल्या, आणि दुकानाला कुलूप लावून काकाही.