कडुनिंबाखालचा बाक

सुनंदाबाई बागेत जाऊन बसल्यात आणि उठायचं नाव घेत नाहीत, असा निरोप आला तेव्हा त्यांच्या नवऱ्याची, हिलालनानांची, अर्धी दाढी व्हायची होती. ते तसेच निघाले.

धुळ्यातल्या त्या कॉलनीची बाग म्हणजे मुळात उकिरडा. लोकांनीच तो उपसला, भर उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घालून कडुनिंब वाढवला. आता वरून हुकूम आला होता, निंब तोडून तिथे सेल्फी पॉइंट करायचा. कॉलनीत कुणाला विचारलं? कुणालाच नाही. करवतवाले हजर झाले, तर निंबाखालच्या बाकावर पदर खोचून सुनंदाबाई!

"ऊठ वं. बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात," नाना जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाले.

"देखू द्या. झाड ऱ्हाई, तवयच मी उठसू."

नाना शेजारी बसून समजावू लागले. उपयोग होईना, म्हणून उठायला गेले आणि पुन्हा बसले. बाकाचा हिरवा रंग ताजा होता.

"मी चिकटी गऊ!" ते पुटपुटले.

"मग गुपचूप बसा."

अर्ध्या दाढीच्या नानांना बाकावर पाहून कॉलनीने भलताच अर्थ काढला. "नाना दाढी टाकून आंदोलनाला बसले!" म्हणत शेजारच्या बेबाबाईंनी बायका गोळा केल्या. घोषणा सुरू झाल्या. एसटीत नोकरीला असताना संपातही घरी झोपून राहिलेले नाना घामाघूम झाले.

"नाना, कधी उठणार?" कॉलनीतल्या कामिनीने मोबाइलवर शूटिंग करत विचारलं.

"उठताच येत नाही," असं सांगणार कसं?

"उठणार नाही!" नाना ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांना ते आवडलं. "आम्ही वाढवलंय हे झाड! आम्हाला न विचारता पानसुद्धा तोडायचं नाही!"

शेवटी महापालिकेच्या उद्यान विभागाचे साहेब आले. कडक इस्त्रीची पांढरी पँट. "हे बघा, शांतपणे बोलू."

"या ना साहेब, बसा," सुनंदाबाईंनी दुसऱ्या बाजूची जागा दाखवली.

साहेब बसले. सुशोभीकरणाचे फायदे सांगून झाल्यावर रुबाबात उठायला गेले. पँट उठेना.

"टर्पेंटाइन आणा कुणीतरी!"

"माझ्या घरी आहे," बेबाबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"झाडाचं काय साहेब?" सुनंदाबाईंनी विचारलं.

साहेबांनी समोरचे सगळे मोबाइल पाहिले. "करवत न्या रे परत! इथे काय करायचं ते यापुढे कॉलनीच्या बैठकीत ठरेल."

तेव्हा कुठे सुनंदाबाई उठल्या. लुगड्याला रंगाचा ठिपका नाही! त्यांच्याखाली पुठ्ठ्याची पाटी होती. 'रंग ओला आहे. बसू नये.'

"तुला माहीत होतं?" नानांचा आवाज चिरकला. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बसले असते का तुम्ही?"

नाना तोंड उघडणार, तोच गर्दीतून आरोळी उठली, "हिलालनाना झिंदाबाद!"

नानांनी बसल्या जागेवरूनच मूठ उंच केली.