दुसऱ्या अंकातला वन्स मोअर

देवशिंगीच्या नाट्यगृहात 'संगीत वचनपूर्ती'चा जो प्रयोग तेहतीस वर्षांपूर्वी सुरू झाला, तो अजून दुसऱ्या अंकातच आहे. नायकाच्या पदाला वन्स मोअर आला, आणि तेव्हापासून तो येतोच आहे.

यात कुणाची चूक म्हणावी तर ती कंपनीची नियमावली लिहिणाऱ्याची. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने तोंडाने, ऐकू जाईल असा वन्स मोअर दिला, तर नटाने पद पुन्हा म्हटलं पाहिजे, असं त्याने लिहून ठेवलं. किती वेळा, ते लिहायचं राहून गेलं. भार्गवबुवा कासेगावकर हे नियमाने चालणारे गृहस्थ. ते गात राहिले.

पहिल्या रात्री नाट्यगृह भरलेलं होतं म्हणे. पहाटेपर्यंत निम्मे लोक उठले, तिसऱ्या दिवशी चाळीसेक उरले, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकच. रांग फ, खुर्ची चौदा, श्री. मनोहर तगारे. मग नगरपालिकेने पत्र काढून वेळा ठरवून दिल्या. सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा, सोमवारी सुट्टी. सुट्टीत प्रयोग थांबतो, संपत नाही.

मी मेधा सोवनी, चिपळूणची. लहानपणापासून मी बुवांच्या एकाच कॅसेटवर वाढले. तेव्हा चार वर्षं मीही संगीत नाटकात नायिकेची कामं करत होते आणि त्या चार वर्षांत मला एकदाही वन्स मोअर मिळालेला नव्हता. टाळ्या मिळायच्या. टाळ्यांचं काय हो, नेपथ्य बदललं तरी लोक वाजवतात. शेवटी आमच्या मंडळाच्या अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ मेधा, रविवारच्या प्रयोगात एक तरी वन्स मोअर यायला हवा. नाही आला, तर पुढच्या वेळेपासून तू सखी आणि माझी पुतणी नायिका." सखीला आमच्या नाटकात तीन वाक्यं आहेत. त्यांतलं एक 'हो' आहे.

म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने मी देवशिंगीला गेले. परतीची शेवटची गाडी साडेचारला होती. दुसऱ्या दिवशी प्रयोग, त्यामुळे ती चुकवून चालणार नव्हतं.

नाट्यगृहाच्या दारात पुराणिक मास्तर भेटले. ऑर्गन तेच वाजवतात, रजिस्टरही तेच लिहितात, आणि तबल्याचं यंत्रही तेच चालू करतात, कारण तबलजी नवव्या वर्षी निवृत्त झाले. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी मला एक अर्ज दिला. त्यात 'मार्गदर्शनाचा विषय' अशी एक ओळ होती. मी लिहिलं, 'वन्स मोअर कसा मिळवावा.' मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

"एक ते तीन. त्यांचं जेवण सोडून," ते म्हणाले. "तोवर विंगेत बसा. प्रेक्षागृहात नाही बसता यायचं, तुमच्याकडे त्या प्रयोगाचं तिकीट नाही."

विंगेत एकच खुर्ची होती. ती नायिकेची. पुढचा प्रवेश नायिकेचा असल्यामुळे कुसुमताई अकरा वर्षं तिथे तोंडाला रंग लावून, हातात निरांजन धरून बसल्या होत्या. मग त्यांचे गुडघे गेले आणि लेक त्यांना बेळगावला घेऊन गेली. निरांजन खुर्चीखाली तसंच होतं. मी त्यावरची धूळ पुसली आणि बसले.

बुवा गात होते. काय सांगू! कॅसेटमधला आवाज उमदा होता, चढा होता. हा आवाज झिजलेला होता, पण त्यात एकही स्वर फुकटचा नव्हता. रोज चढून उतरून पायऱ्या गुळगुळीत व्हाव्यात तशा त्यांच्या ताना झाल्या होत्या. पद संपलं. सात-आठ सेकंद काहीच झालं नाही. बुवा हात तसाच वर धरून उभे. मग अंधारातून एक घोगरा आवाज आला, "वन्स मोअर."

"ऐकू आला का, बुवा?" मास्तरांनी विचारलं.

"आला," बुवा म्हणाले. मास्तरांनी रजिस्टरात रेघ ओढली आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

नंतर मला कळलं, तोही नियमच आहे. वन्स मोअर आला की नाही, हे ज्याचं पद त्याच्याच कानांना विचारायचं.

एक वाजता घंटा झाली. बुवा रंगमंचावरच्या कोचावर बसले आणि त्यांनी डबा उघडला. खाली फ-चौदामध्ये तगारेकाकांनी आपला डबा उघडला. एकाचं तोंड प्रेक्षागृहाकडे, दुसऱ्याचं रंगमंचाकडे, मध्ये पाच रांगा. दोघेही न बोलता जेवत होते.

"तुम्ही एकत्र का नाही जेवत?" मी विचारलं.

"प्रयोग चालू असताना नटाने प्रेक्षकाशी बोलायचं नसतं," बुवा म्हणाले. "एकतीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. नावसुद्धा मला रजिस्टरातून कळलं." मग त्यांनी डब्याच्या झाकणात लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. "हे तेवढं त्यांना नेऊन दे. मी दिलंय म्हणू नकोस."

मी झाकण घेऊन खाली गेले. तगारेकाका सत्तरीचे असतील. शर्टाच्या खिशात जुनं तिकीट, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. गळ्याला मफलर, उन्हाळ्यातसुद्धा.

"बुवांनी दिलं ना?" ते कुजबुजले. आवाज जवळजवळ नव्हताच. "रोज देतात. कुणी आलं गेलं की त्याच्या हातून देतात."

"काका, तुमचा घसा..."

"श्श. त्यांना सांगू नकोस. डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद करा. मी म्हटलं, मी ओरडत नाही, मी नाटक बघतो." त्यांनी लोणचं चाखलं. "बायको गेली त्याच आठवड्यात मी हे तिकीट काढलं होतं. दोन काढली होती. घरी गेलो की भिंती बघायच्या, दुसरं काय? इथे मी दोन शब्द बोललो की एक माणूस माझ्यासाठी वीस मिनिटं गातो. जगात आणखी कोण काय करतं गं माझ्यासाठी?"

मी झाकण परत घेतलं.

"तुझा आवाज मोठा दिसतो," ते म्हणाले. "तू माझ्या वतीने देशील का?"

"माझ्याकडे तिकीट नाही, काका."

"हो, तेही खरंच," ते म्हणाले आणि मफलर नीट करत बसले.

मी वर आले तेव्हा दोन वाजून गेले होते. बुवांनी अर्ज हातात घेतला आणि विषय वाचला.

"वन्स मोअर कसा मिळवावा, हे मला ठाऊक असतं तर मी इथे असतो का, मुली? मला तो एकदाच मिळाला. मग संपलाच नाही. बरं, गाताना तू बघतेस कुणाकडे?"

"विंगेत. आमच्या अण्णांकडे. त्यांचा चेहरा बघून कळतं, कसं चाललंय ते."

"आणि प्रेक्षक?"

"अंधारात कुठे दिसतात?"

"मला एक दिसतो," बुवा म्हणाले. "माझा मुलगा पुण्यात असतो. रविवारी फोन करतो, 'बाबा, सोडा आता.' सोडलं असतं. पण एकजण मागतोय, आणि मी नाही म्हणून घरी जाऊन बसू? घरी तरी कोण आहे? आमची ही होती तोवर ती डबा घेऊन यायची." त्यांनी अर्जाची घडी घातली. "या नाटकातलं नायिकेचं पद येतं तुला? बागेश्रीतलं?"

"येतं की! म्हणून दाखवू?"

"छे! जेवणाच्या सुट्टीत गायचं नसतं."

एवढंच मार्गदर्शन. मला राग आला, खोटं कशाला बोलू? चार तास एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली ती काय हे ऐकायला? तेवढ्यात तीनची घंटा झाली आणि बुवा उठले. साडेचारच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी पुन्हा कुसुमताईंच्या खुर्चीत जाऊन बसले.

तीन वीसला वन्स मोअर आला तो खोकल्यातून आला. तीन चाळीसला आला तो मला ऐकूच आला नाही. बुवा पुढे वाकले, जरा थांबले, मग म्हणाले, "आला."

चार वाजता पद तिसऱ्यांदा संपलं. बुवांचा हात वर. खाली तगारेकाका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिलेले मला विंगेतून दिसले. एकतीस वर्षांत ते कधी उभे राहिले नव्हते, असं मास्तर नंतर म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं. मान ताठ झाली, मफलर सुटून खाली पडला. ओठ दोनदा हलले. आवाज काही आला नाही.

"ऐकू आला का, बुवा?"

बुवांनी काकांकडे बघितलं. मग विंगेकडे वळून माझ्याकडे बघितलं, चांगलं रोखून. मग पुन्हा काकांकडे.

"नाही," ते म्हणाले.

काका मटकन खाली बसले. मास्तरांची पेन्सिल रजिस्टरावर अधांतरी राहिली. यंत्र तसंच टकटकत होतं, ते त्यांनी बंद केलं. इतक्या वर्षांत त्या नाट्यगृहात इतकी शांतता झाली नसेल.

"म्हणजे मग पुढचा प्रवेश," मास्तर स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी पानं उलटली. पानं एकमेकांना चिकटली होती. "नायिका निरांजन घेऊन येते. आजारपणात बदली नटी चालते. बाई, खुर्चीत तुम्हीच आहात."

चार वाजून दोन मिनिटं झाली होती. माझी पर्स पायाशी होती, स्टँड पाच मिनिटांवर. मी खाली वाकले ती पर्स घ्यायलाच. हातात आलं ते निरांजन. आता कसं काय ते मला विचारू नका.

"आर्यपुत्र, थांबावं!" मी म्हटलं आणि प्रकाशात गेले.

बुवा एक पाऊल मागे सरले, नायकाने सरायचं तेवढंच. हळूच, ओठ न हलवता ते म्हणाले, "फ-चौदा."

मी फ-चौदाकडे बघितलं आणि गायले. विंगेत अण्णा नव्हते, कुणीच नव्हतं. समोर चारशेअकरा रिकाम्या खुर्च्या आणि एका खुर्चीत एक म्हातारा, आपलं सगळं गेलं असं समजून बसलेला. मी त्याला सांगत होते की थांबा, जाऊ नका. पदाचे शब्द जवळपास तसेच आहेत, पण ते कुणाला तरी सांगायचे असतात हे चार वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात काकांनी मान वर केली. शेवटच्या तानेला ते पुढे सरकून बसले. मी समेवर आले तेव्हा माझे डोळे भरले होते. इतकं चांगलं मी आजवर कधी गायले नव्हते. आणि ते ऐकणाऱ्या एकमेव माणसाला आवाज नव्हता.

मास्तरांच्या मागच्या घड्याळात चार बावीस झाले होते. धावत गेले असते तर गाडी मिळाली असती.

काका उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी सगळा जीव गोळा केला. ओठ हलले. एक शब्द, मग दुसरा. नुसती हवा.

मास्तरांनी वर बघितलं. या वेळी त्यांनी बुवांना विचारलं नाही.

"ऐकू आला का, बाई?"

चार वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघितली होती, आणि माझ्या कानांत नुसती शांतता होती. बुवा कोचाच्या कडेला बसले होते. त्यांनी खाली बघितलं. हो म्हण की नाही म्हण, काही सुचवलं नाही.

"आला," मी म्हटलं.

मास्तरांनी नवीन पान घेतलं, वर माझं नाव लिहिलं आणि पहिली रेघ ओढली. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

रविवारचा प्रयोग अण्णांच्या पुतणीने केला. तिला वन्स मोअर आला म्हणे. एकच.

ही गोष्ट मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षाची. हे मी जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. बुवा दिवसभर कोचावर बसून असतात. नायिकेचं ऐकणं एवढंच नायकाचं काम आहे, आणि कधीकधी त्यांचा डोळा लागतो. आई रविवारी फोन करते, "मेधा, सोड आता." मी तिला म्हणते, बघू. डब्यातलं गोड्या मसाल्याचं वांगं मी झाकणात घालून मास्तरांच्या हाती काकांकडे पाठवते. मी दिलंय म्हणू नका, असं सांगून.

काका आता थकले आहेत. उभे राहत नाहीत. काल शेवटच्या वेळी त्यांचे ओठ हलले की नाही, ते मला नीट दिसलं नाही. मी बराच वेळ बघत राहिले.

"ऐकू आला का, बाई?" मास्तरांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.