दुखण्याचे मार्क

सूनबाई डॉक्टर असली तरी सासूबाईंच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला तिने हात लावायचा नाही, असं वॉर्डाच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, बजावलं होतं. शिवाय त्याच वॉर्डात तिचा अभ्यास चालू होता. गर्भपिशवी काढलेल्या बायकांना सूज उतरवणारी एक नवी गोळी दिली, तर दुखणं कमी होतं का? निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे बायकांना ठाऊक नव्हतं आणि सूनबाईलाही नव्हतं. फारच दुखलं तर इंजेक्शन मागायची सोय सगळ्यांना होती. सासूबाई नात्यातल्या, म्हणून अभ्यासाबाहेर. खाट मात्र त्यांना वॉर्डाच्या मधोमध मिळाली, आणि गप्पा मारायला याहून सोयीची जागा नसते.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई एकेका खाटेपाशी जाऊन विचारू लागली. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"शून्य," खिडकीजवळची शिवणवाली म्हणाली. म्हणताना तिने चादर मुठीत घट्ट धरली होती.

"शून्य," शेजारची बँकवाली म्हणाली. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

वॉर्डभर शून्यच. मोठ्या सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "आपण यांची पोटं कापली की केस? बिनऔषधाच्या गोळीनेही दुखत नसेल, तर तुझ्या औषधाची गरज काय? असेच आकडे येणार असतील, तर बंद करू हा अभ्यास."

दोन वर्षांची मेहनत डोळ्यांपुढे नाचली. सूनबाई तडक वॉर्डात आली, तर सिस्टर गालातल्या गालात हसत होत्या. "तुमच्या सासूबाईंनाच विचारा ना."

सासूबाईंनी काही लपवलं नाही. "अगं, मीच सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, माझी सून एवढी खपतेय, तिच्या औषधाला नावं ठेवू नका."

"आई, अहो, सगळीकडे शून्य आलं की मी नापास!"

"अगोबाई! मग आधी नाही का सांगायचं?"

संध्याकाळी वॉर्डभर दहा आले. बँकवालीने तर केस विंचरता विंचरता दहा सांगितले. ते ऐकून सिस्टर इंजेक्शनांचा ट्रे घेऊनच आल्या आणि वॉर्डात एकदम घासाघीस सुरू झाली.

"सुई नको बाई! माझे दोन करा."

"चारावर टोचत नाहीत ना? मग चार लिहा."

सूनबाई स्टुलावर मटकन बसली. "पास-नापास गेलं उडत," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच किती दुखतंय, एवढंच हवंय हो मला."

मग शिवणवाली हळूच म्हणाली, "असं कुणी विचारत नाही ना, डॉक्टर. घरी विचारतात, 'बरी आहेस ना?' त्याला 'हो' म्हणायचं असतं. तीच सवय."

तेवढ्यात सूनबाईचं लक्ष मधल्या खाटेकडे गेलं. एरवी सगळ्यांच्या आधी बोलणाऱ्या सासूबाई या गडबडीत गप्प होत्या. कपाळावर घाम होता.

"आई, तुमचं किती?"

"माझं कशाला? मी कुठे तुझ्या अभ्यासात आहे?"

सकाळी आणि आताही ती याच खाटेवरून पुढे गेली होती. "अभ्यास राहू दे. मी विचारतेय."

सासूबाईंनी हाताने कपाळ पुसलं. "आठ," त्या म्हणाल्या. "कालपासून."

"मग इंजेक्शन का नाही मागितलंत?"

"डॉक्टरची सासूच कण्हायला लागली, तर बाकीच्यांनी तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा गं?"

सिस्टरांनी पहिली सुई तिथेच दिली. आठ ऐकून बाकीच्यांनाही धीर आला. कुणाचे सहा निघाले, कुणाचे पाच, आणि बँकवालीचे खरोखरच तीन.

मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. "खोटं सांगून झाल्यावर यांचे आकडे धरता येत नाहीत. पुढच्या बायकांपासून नव्याने सुरू कर," ते म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "पण सासूबाई घरी गेल्यावर."

सूनबाईने येऊन हा निरोप सांगितला, तोवर सासूबाईंचं दुखणं उतरलं होतं. त्यांनी खाटेवर जरा सरकून जागा केली. "बस इथे. सकाळपासून उभी आहेस. पाय किती दुखताहेत?"

"शून्य," सूनबाई पटकन म्हणाली.

सासूबाईंनी वॉर्डाकडे बघून हाक दिली, "हिचेही आकडे धरू नका गं!"